पालक-शिक्षक संघाचे बायलॉज बदलायचेत? आधी जुने शोधा

शाळेच्या पालक-शिक्षक संघात मी तीन वर्षं सेक्रेटरी होते. खरं सांगायचं तर कोणीच हात वर करत नव्हतं म्हणून झाले. त्या तीन वर्षांत आम्ही बायलॉज, म्हणजे संघाचे उपविधी किंवा नियमावली, दोनदा बदलले, पहिल्यांदा सगळं चुकलं आणि दुसऱ्यांदा बऱ्यापैकी जमलं, म्हणून हे लिहितेय.

पहिल्यांदा काय झालं ते आधी सांगते. मीटिंग संपत आलेली, सगळ्यांच्या नजरा घड्याळाकडे, आणि अजेंड्यातला शेवटचा आयटम तोच आपला नेहमीचा, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय". त्यात अध्यक्षांनी सहज म्हटलं की कार्यकारिणीची मुदत एक वर्षाऐवजी दोन वर्षं करूया का, दरवर्षी नवीन माणसं शोधायची म्हणजे डोक्याला ताप. सगळे हो हो म्हणाले, मी मिनिट्समध्ये (सभेच्या इतिवृत्तात) "एकमताने मंजूर" लिहिलं आणि सगळे घरी गेलो. तीन आठवड्यांनी एका पालकांनी बायलॉजच्या एका पानाचा फोटो ग्रुपवर टाकला, त्यात सरळ लिहिलेलं की उपविधीतला कुठलाही बदल सभेच्या किमान १४ दिवस आधी लेखी कळवलेला असला पाहिजे. संपलं. त्यांना त्या बदलाला विरोध नव्हता हो, त्यांना फक्त राग आला होता की हे असं गुपचूप उरकलं. आणि आम्ही खरंच गुपचूप काही केलं नव्हतं, आम्हाला ते कलम माहीतच नव्हतं, पण हे कोणाला पटवणार?

तेव्हापासून माझं पक्कं मत झालंय की बायलॉजवरची भांडणं मजकुरावरून कमी आणि "आम्हाला सांगितलं नाही" यावरूनच जास्त होतात. तेवढं सांभाळलं की निम्मं काम होतं.

खरी कॉपी कुठली?

हे ऐकायला बावळट वाटेल पण पहिलं काम हेच. आमच्याकडे तीन फाइली निघाल्या. एक माजी अध्यक्षांच्या ईमेलमध्ये, एक ऑफिसच्या कपाटात प्रिंट, एक ग्रुपवर पिन केलेली पीडीएफ, आणि तिन्हीत कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, वेगळा! एकात सभासदांच्या एक दशांश, एकात २५ जण, तिसऱ्यात ते कलमच नाही. मग जुनी मिनिट्स काढून बसलो आणि कुठल्या सभेत काय मंजूर झालं ते तारखेनुसार लावलं. फाइलच्या नावात "फायनल" असणं हा पुरावा नव्हे, ज्या मजकुराला सभेचा ठराव आहे तोच खरा. (आमच्या फाइलचं नाव "बायलॉज फायनल नवीन फायनल २" होतं, यावरून काय ते समजा.)

खरी कॉपी हातात आली की शेवटाकडून वाचायला सुरुवात करा. उपविधीत बदल कसा करायचा याचं कलम बहुतेक वेळा शेवटी असतं, आणि तुमची पूर्ण प्रोसेस तेच कलम ठरवणार. बदल कोण सुचवू शकतं, किती दिवस आधी कळवायचं, कार्यकारिणीत पास होऊन चालतं की सर्वसाधारण सभाच लागते, बहुमत किती. ते कलम तुम्हाला कितीही जाचक वाटलं तरी ते बदलेपर्यंत त्याच्याप्रमाणेच चालायचं. "आपण नवीन नियमात ऑनलाइन मतदान आणतोय ना, मग हे मतदानही ऑनलाइनच घेऊ" असं एक जण आमच्याकडे अगदी सिरीयसली म्हणाले होते. नाही चालत, नवा नियम मंजूर व्हायच्या आधी त्याच नव्या नियमाने त्याला मंजूर कसं करणार?

आणि बायलॉजच्या वर काय आहे तेही बघून घ्या. तुमचा संघ रजिस्टर्ड असेल तर नोंदणीची कागदपत्रं, एखाद्या मोठ्या महासंघाशी जोडलेला असेल तर त्यांचे नियम, आणि सगळ्यांच्या वर कायदा. वरच्या कागदाशी न जुळणारं कलम तुम्ही शंभर टक्के मतांनी पास केलंत तरी उपयोग शून्य. काही ठिकाणी बदल नोंदणी कार्यालयाने किंवा महासंघाने मान्य केल्याशिवाय लागूच होत नाही, हे मीटिंगच्या आधी विचारा, नंतर नको.

बायलॉजमध्ये बदलाचं कलमच नसेल तर? मग आधी बघा की "सभेचं कामकाज अमुक नियमांप्रमाणे चालेल" असं कुठे लिहिलंय का. इंग्रजीतून कारभार करणाऱ्या बऱ्याच संघटना त्यासाठी रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर धरतात. हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाचा अमेरिकन सैन्यातला इंजिनिअर होता, त्याला एका सभेचं अध्यक्षपद गळ्यात पडलं आणि सभा काही आवरेना, त्या खजील होण्यातून तो या विषयाच्या मागे लागला आणि १८७६ मध्ये पुस्तक काढलं. त्यातला सर्वसाधारण नियम असा की आधी सूचना (नोटीस) दिली असेल तर दोन तृतीयांश मतं, आणि दिली नसेल तर एकूण सभासदांचं बहुमत, फक्त हजर असलेल्यांचं नव्हे. हिशोब मला तरी न्याय्य वाटतो. आधी सांगितलंत तर आलेल्यांनी ठरवावं, न सांगता आणलंत तर न आलेलेही मोजले जाणार.

हे खरंच बायलॉजमध्ये हवंय का

दुसऱ्यांदा बदल करायला बसलो तेव्हा १९ सूचना आल्या होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त बायलॉजच्या नव्हत्याच. मीटिंग शनिवारी घ्या, वर्गणी इतकी करा, ग्रुपवर फॉरवर्ड टाकू नका. हे सगळं साध्या ठरावाने होतं. ज्या गोष्टी दरवर्षी बदलू शकतात त्या कामकाजाचे नियम म्हणून वेगळ्या कागदावर ठेवा, ते साध्या बहुमताने बदलता येतात. बायलॉजमध्ये फक्त हाडं ठेवायची. सभासद कोण, मत कोणाला, पदं कोणती आणि किती काळ, पैशांवर सह्या कोणाच्या, कोरम किती, सभा कशी बोलवायची, संघ बंद झाला तर शिल्लक कुठे जाणार. वर्गणीचा आकडा बायलॉजमध्ये घातलात की दर दोन वर्षांनी हा सगळा सोहळा परत, त्यापेक्षा "वर्गणी सर्वसाधारण सभा ठरवेल" एवढंच लिहा.

प्रत्येक सूचनेला मी एकच प्रश्न विचारायचे, आत्ताच्या नियमामुळे नेमकं काय अडलं? "तसं काही अडलं नाही पण असायला हवं" असं उत्तर आलं की ती सूचना बाजूला. जरा कडक वाटतं पण वेळ वाचतो.

मजकूर लिहिताना

तिघा-चौघांची छोटी समिती करा, त्यात एक शिक्षक हवेतच, एक जुने पालक हवेत ज्यांना कुठलं कलम का आलं ते आठवतं, आणि एक असा माणूस हवा जो प्रत्येक वाक्यात खोड काढतो. प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच, आपण त्याला टाळत असतो, पण मसुदा करताना तो सोन्याहून पिवळा. मीटिंगमध्ये त्याने उभं राहून काढायच्या चुका आधीच घरी निघतात.

आता जरा जवळून बघू, कारण शब्दांतच सगळा घोळ होतो.

आमच्या जुन्या बायलॉजमध्ये होतं "दोन तृतीयांश बहुमताने". कशाच्या दोन तृतीयांश? समजा संघाचे ३०० सभासद आहेत, सभेला ४० आले, बाजूने २४, विरोधात १०, आणि ६ जण गप्प. आता "मतदान करणाऱ्यांच्या" असं लिहिलं असेल तर ३४ जणांचे दोन तृतीयांश म्हणजे २३ लागतात, २४ आहेत, पास. "उपस्थित सभासदांच्या" असेल तर ४० चे दोन तृतीयांश म्हणजे २७, नापास, म्हणजे गप्प बसलेले सहा जण नकळत विरोधात धरले गेले. आणि "एकूण सभासदांच्या" असेल तर २०० लागतील, जे या जन्मात जमायचे नाहीत. सभा तीच, माणसं तीच, एका शब्दाने निकाल फिरतो. म्हणून आम्ही "सभेत उपस्थित राहून प्रत्यक्ष मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश, तटस्थ मोजू नयेत" असं लांबलचक लिहिलं. दिसायला वाईट दिसतं, पण भांडण होत नाही.

दुसरा घोळ "पालक" या शब्दाचा. आई आणि वडील दोघं आले तर मतं दोन की एक? दोन मुलं त्याच शाळेत असतील तर? मुलाला आजी सांभाळत असेल तर तिला मत आहे का? ज्या शिक्षकांचं स्वतःचं मूल त्याच शाळेत आहे ते कुठल्या रांगेत? आम्ही कुटुंबाला एक मत ठेवलं, काही ठिकाणी प्रत्येक पालकाला एक असतं, दोन्ही ठीक आहे, पण काहीतरी एक लिहा आणि व्याख्येच्या कलमात लिहा, म्हणजे पुढे प्रत्येक ठिकाणी तोच अर्थ लागेल.

तिसरं म्हणजे मराठीतली क्रियापदं. "खजिनदार दर तीन महिन्यांनी हिशोब सादर करतील" हे बंधन आहे की नुसती अपेक्षा? आम्ही ठरवून टाकलं की सक्तीचं असेल तिथे "करणे बंधनकारक राहील" आणि मर्जीवर असेल तिथे "करता येईल", तिसरा प्रकारच नाही. "शक्यतो", "यथावकाश", "आवश्यकतेनुसार" हे तीन शब्द दिसले की खोडायचे, कारण त्यांचा अर्थ वाचणाऱ्याच्या मूडवर असतो. "दोन सभांना गैरहजर" आणि "सलग दोन सभांना गैरहजर" यातही केवढा फरक आहे बघा, पहिल्यात अर्धी कार्यकारिणी घरी जाईल.

आणि एक कलम बदललं की अख्खा कागद पुन्हा वाचा, प्लीज. आमच्या मसुद्यात कलम ६ मध्ये मुदत दोन वर्षं झाली, सगळे खूश, आणि त्या खोडी काढणाऱ्या पालकांनीच दाखवलं की कलम ९ मध्ये "दरवर्षी वार्षिक सभेत सर्व पदांची निवडणूक होईल" तसंच आहे. म्हणजे मुदत दोन वर्षं आणि निवडणूक दरवर्षी. शिवाय मध्ये नवीन कलम घुसवल्यामुळे पुढचे नंबर सरकले आणि "कलम ११ प्रमाणे" जिथे जिथे होतं ते सगळं चुकीच्या कलमाकडे बोट दाखवायला लागलं. फाइलमध्ये "मुदत", "कलम", "वर्ष" असे शब्द सर्च करून एकेक बघत जा, तासाभराचं काम आहे.

मुदतीचा बदल असेल तर अजून एक, आत्ता जे पदावर आहेत त्यांना तो लागू होणार का हे त्या ठरावातच लिहा. नाही लिहिलं तर लोक म्हणणार की यांनी स्वतःचीच मुदत वाढवून घेतली, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. आम्ही "हा बदल पुढील निवडणुकीत निवडून येणाऱ्यांपासून लागू राहील" अशी ओळ घातली आणि त्या विषयावरचा आवाज एकदम खाली आला.

सूचना पाठवताना

नुसता नवा मजकूर पाठवू नका, "सोबत सुधारित बायलॉज जोडले आहेत" या वाक्याने लोकांचा संशय वाढतो फक्त. चौदा पानांत काय बदललं ते कोण शोधणार? दोन रकाने करा, डावीकडे जुनं, उजवीकडे नवं, आणि खाली एका ओळीत का. आमचं असं होतं:

जुनं: बँक खात्यावर खजिनदारांची सही राहील.
नवं: बँक खात्यावरील प्रत्येक व्यवहारासाठी अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या बंधनकारक राहतील.
का: एकाच माणसावर सगळी जबाबदारी नको, आणि खजिनदार गावाला गेले तर काम अडतं.

एवढं वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि माणूस मत बनवूनच येतो. डॉक्युमेंटमध्ये ट्रॅक चेंजेस चालू ठेवलं तरी चालतं, पण फोनवर ते लाल-निळं गिचमिड दिसतं, तक्ताच बरा.

दिवस मोजताना गंमत होते. "पूर्ण १४ दिवस आधी" असं असेल तर सूचनेचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मोजतात, म्हणजे १ तारखेला सूचना गेली तर सभा १६ च्या आधी नाही, १५ ला घेतलीत तर मध्ये तेराच दिवस भरतात. दोन-तीन दिवस जास्तच ठेवा, कशाला कोणाला संधी द्यायची. आणि बायलॉजमध्ये सूचना द्यायची जी पद्धत सांगितली आहे तीच वापरा, लेखी म्हटलं असेल तर लेखी. ग्रुपवर टाकणं हे त्याच्यावर एक्स्ट्रा, त्याच्याऐवजी नाही. कोणाला कधी पाठवलं याचा पुरावा ठेवा.

सभेच्या चार-पाच दिवस आधी एक साधी, ठराव वगैरे काही नसलेली बैठक ठेवा, ज्याला शंका असतील त्याने यावं. आमच्याकडे सात जण आले आणि त्यांनी दोन खऱ्या चुका काढल्या. मोठ्या सभेत मग प्रश्न कमी आले कारण विचारणारे तेच असतात.

सभेत

बायलॉजचा विषय अजेंड्यात वर घ्या. शेवटी ठेवला की लोक उठून जातात आणि कोरम फक्त सुरुवातीला भरून भागत नाही, मतदानाच्या वेळीही माणसं तेवढी असायला हवीत, म्हणून मत घ्यायच्या आधी अध्यक्षांनी डोकी मोजावीत. कोरम नसेल तर सभा तहकूब होते, पण अर्ध्या तासाने भरणाऱ्या तहकूब सभेला कोरम लागत नाही हा जो सर्रास समज आहे तो तुमच्या बायलॉजमध्ये लिहिलेला असेल तरच खरा. आणि लिहिलेला असला तरी बायलॉजसारखा बदल त्या सवलतीत उरकू नये असं मला वाटतं, बारा जणांनी तीनशे जणांचे नियम बदलले हे नंतर कितीही कायदेशीर असलं तरी ऐकायला बरं वाटत नाही.

सगळे बदल एका गठ्ठ्यात मताला टाकू नका. एका वादग्रस्त कलमामुळे नऊ चांगली पडतात, किंवा नऊ चांगल्यांच्या आडून एक वाईट पास होतं. एकमेकांवर अवलंबून असलेले बदल एकत्र घ्या, मुदत आणि निवडणूक जशी, बाकीचे सुटे. प्रत्येकाला सूचक, अनुमोदक, चर्चा, मत. बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं आणि सगळे बोलून झाल्याशिवाय दुसऱ्यांदा नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाका.

सभेतच कोणी म्हणालं की हे थोडं बदला, तर किती बदलता येतं? सूचनेत जे कळवलं त्याच्या आतच राहा. समजा कार्यकारिणी ११ वरून १५ करायची सूचना होती, तर चर्चेअंती १३ करणं ठीक आहे, पण १७ नाही आणि ९ पण नाही, कारण जो माणूस "११ चे १५ होणार, मला चालेल" म्हणून घरी राहिला त्याला १७ ची कल्पनाच नव्हती. त्याच्या बाहेरचं काही हवं असेल तर पुढच्या सभेसाठी नवीन सूचना.

आवाजी मतदान नको, दोन तृतीयांश आवाजावरून कळत नाही. हात वर करून मोजा, दोघांनी मोजा, एक बाजूचा आणि एक विरोधातला. आणि मिनिट्समध्ये माझ्यासारखं "एकमताने मंजूर" नको, हजर किती, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, आणि मंजूर झालेला मजकूर शब्दशः. व्हॉट्सॲपवरचा पोल किंवा अंगठे हे मतदान नाही, बायलॉजमध्ये ऑनलाइन मतदानाची सोय असेल तरच, आणि तेव्हाही कोण मतदार आहे याची यादी लागते.

पडला ठराव तर पडला. आमचा कोरम कमी करायचा बदल दोन मतांनी पडला, मला वाईट वाटलं पण खरं सांगायचं तर विरोध करणाऱ्या बाईंचा मुद्दा बरोबर होता की लोक येत नाहीत म्हणून कोरम खाली आणायचा की लोक येतील असं काही करायचं.

मंजूर झाल्यावर

इथे बहुतेक जण झोपतात. त्याच आठवड्यात नवीन पूर्ण प्रत तयार करा, पहिल्या पानावर "अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेत सुधारित" असं लिहा, कधीपासून लागू ते लिहा, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या घ्या. रजिस्टर्ड असाल तर नोंदणी कार्यालयात द्या, महासंघाला पाठवा, मुख्याध्यापकांना एक प्रत. सह्यांचा नियम बदलला असेल तर बँकेत ठरावाची प्रत लागते, आमच्याकडे हे दोन महिने राहून गेलं आणि कागदावर दोन सह्या, बँकेत मात्र एकच चालू होती.

जुनी प्रत फेकू नका, "रद्द" असा शिक्का मारून तारखेसकट ठेवा, उद्या कोणी विचारलं की गेल्या वर्षीची निवडणूक कुठल्या नियमाने झाली तर तीच लागणार. आणि ग्रुपवर पिन केलेली ती जुनी पीडीएफ आहे ना, ती आधी काढा.